बाबा, तो साडेआठ हजारांचा प्रोजेक्टर घेऊ नका

वडोदरा,
रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही जाहिरातीचा फोटो पाठवलात आणि खाली एवढंच लिहिलंत, 'घेऊ का?' फोनवर सांगितलं असतं, पण मध्ये आई बोलते, मग तुम्ही बोलता आणि आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून पत्र.

हा घेऊ नका. प्रोजेक्टरच नको असं मात्र मी म्हणत नाही. ते आईचं म्हणणं आहे, त्याकडे नंतर येते.

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक आहेत: ९००० लुमेन, ४के आणि २०० इंच. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा उजेड. तो मोजायची रीत ठरलेली आहे. पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात, त्याला एएनएसआय लुमेन म्हणतात. नुसतंच 'लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' लिहिलं असेल, तर तो आकडा कुठून आणला हे विकणाराच जाणे. या किमतीच्या यंत्रांचा खरा उजेड बहुधा दोन-तीनशे एएनएसआयच्या घरात असतो.

तुमचा जन्म बँकेत गेला, तेव्हा हिशेबच मांडते. आपण १०० इंचच धरू, म्हणजे पडद्याचा कर्ण तेवढा. असा पडदा सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच भरतो, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. चित्रपटगृहात, पूर्ण अंधारात, दर चौरस फुटाला १४ ते १६ लुमेन पुरेसे धरतात. म्हणजे आपल्याला खरे सव्वाचारशे ते पाचशे लुमेन हवेत, आणि तेही दिवे मालवून. २०० इंच केलेत तर क्षेत्रफळ चौपट, उजेड पाव. शिवाय २०० इंचांचा पडदा साडेचौदा फूट रुंद होतो. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आपल्या बैठकीत तेवढी भिंत कुठाय?

ट्यूबलाइट लावली की काय होतं तेही ऐका. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रात जिथे काळं असतं तिथे तो उजेड टाकत नाही, बस्स. म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात काळा रंग म्हणजे त्या वेळी खोलीतली भिंत जशी दिसते तसा. आपल्या बैठकीतली ट्यूब भिंतीवर दर चौरस फुटाला आठ-दहा लुमेन सहज टाकत असेल, आणि तीनशे लुमेनचा प्रोजेक्टरही तेवढेच टाकणार. मग नायकाचे केस राखाडी दिसतात आणि रात्रीचा प्रसंग धुक्यात घडतो. दुपारी गॅलरीचं दार उघडं असताना तर बोलायलाच नको.

त्यात डोळ्यांची बाब आहे, आणि ती कुठलाच दुकानदार सांगत नाही. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, अंधारातही पूर्वीसारखी मोठी होत नाही. त्यामुळे माझ्या मुलाला जे चित्र लख्ख वाटेल ते तुम्हाला मंद वाटेल. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रंग छान दिसतात म्हणता, पण आईचं अजून व्हायचंय. म्हणून पाचशेवर भागवू नका. ८०० ते १००० एएनएसआय तरी बघा.

४केचं, म्हणजे चित्र किती बारीक ठिपक्यांचं ते, थोडक्यात. जाहिरातीत बारीक अक्षरात 'सपोर्ट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ४के चित्र आत घेतो आणि दाखवतो मात्र बहुधा १२८० बाय ७२० ठिपक्यांचंच. तुम्ही 'नेटिव्ह' किती, म्हणजे यंत्र स्वतः किती ठिपके दाखवतं, ते विचारा. १९२० बाय १०८० असलं की झालं. अकरा फुटांवरच्या सोफ्यावरून तुम्हा दोघांना त्याहून बारीक काही दिसणार नाही, आणि आई यूट्यूबवर जी जुनी नाटकं लावते त्यांचं चित्रणच मुळात धूसर आहे. खरं ४के लेझर यंत्र दीड लाखाच्या पुढे जातं. तो खर्च मला पटत नाही.

प्रकाश कशातून येतो, तेही विचारा. जुन्या पद्धतीचा दिवा असेल तर तो चार-सहा हजार तासांनी बदलावा लागतो आणि नवा दिवा काही हजारांना पडतो. एलईडी आणि लेझरला कंपन्या २० ते ३० हजार तास सांगतात, म्हणजे रोज तीन तास धरले तरी अठरा वर्षांच्या वर. आपल्याकडे लाइट न सांगता जाते. दिव्याच्या यंत्राला बंद करताना पंखा थोडा वेळ चालू राहून थंड व्हावं लागतं, एकदम वीज गेली की ते राहून जातं. तेव्हा दिवेवाला नकोच, एलईडी घ्या.

आता जागा. बहुतेक छोट्या यंत्रांना पडद्याच्या रुंदीच्या सव्वा पट अंतर लागतं. म्हणजे १०० इंचांसाठी नऊ फूट, सोफ्याच्या दोन फूट पुढे, बरोबर आईच्या टीपॉयवर. छताला लावावा म्हटलं तर मधोमध पंखा. किरण पात्यांतून गेले की चित्र लुकलुकणार, आणि पंख्याने छत थरथरलं की चित्रही थरथरणार. बाजूच्या स्टुलावर ठेवून चित्र सरळ करायची सोय हल्ली बऱ्याच यंत्रांत असते, पण ते सरळ करताना कडेचे ठिपके आणि उजेड वाया जातो. टीव्हीच्या टेबलावर भिंतीला चिकटून बसणारेही असतात, पण ते पुन्हा लाखाच्या गोष्टी.

आणि आवाज. मला विचाराल तर खरा खर्च इथे करा. यंत्रातला स्पीकर पाच-दहा वॉटचा. तुम्हाला संवाद ऐकू येत नाहीत म्हणून तुम्ही टीव्ही मोठा करता आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, हे चित्र मोठं झाल्याने थांबणार नाही. नाटकाच्या चित्रणात तर नटापेक्षा प्रेक्षकांचा खोकला जास्त स्पष्ट येतो. दहा हजारांपर्यंतचा साउंडबार घ्या आणि तो वायरने जोडा. ब्लूटूथवर कधीकधी ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. स्वस्त यंत्रांत ओटीटीची अ‍ॅपं नीट चालत नाहीत, किंवा परवाना नसल्याने चित्र पुसट येतं. त्यासाठी मागच्या दिवाळीत दिलेली फायर टीव्ही स्टिक आहेच. ती एचडीएमआयमध्ये लावा.

तर हिशेब असा. एलईडी, नेटिव्ह १०८०, खरे ८०० लुमेन: साधारण चाळीस-पन्नास हजार. साउंडबार दहा. ओढून खाली घ्यायचा पांढरा पडदा पाच-सहा. म्हणजे साठ हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, तेव्हा महाराणी रोडवरच्या दुकानांत कुणी जुना भाव सांगितला तर बिलात कर किती लावलाय ते बघा. तुम्ही बघालच म्हणा.

याच पैशांत ६५ इंची चांगला टीव्ही येतो, दुपारीही दिसतो आणि अंधार लागत नाही. आईचं म्हणणं तेच आहे, आणि ऐन दिवेलागणीला घर काळोखं करून बसायचं तिला मुळीच पटत नाही. आई, तुझं बरोबर आहे. पण बाबांना टीव्ही नकोय गं. रीगल टॉकीज बंद पडलं तरी ते अजून 'रीगलला जाऊन येतो' म्हणतात. मल्टिप्लेक्सचे जिने आणि तो कानठळ्या बसवणारा आवाज त्यांना झेपत नाही. 'सानंद' संस्थेची नाटकं सोडली तर त्यांचं बाहेर बसून काही बघणंच संपलंय. म्हणून माझं मत प्रोजेक्टरला. जुना टीव्ही आहे तिथेच राहू दे, तुझी दुपार त्यावर. प्रोजेक्टर रात्री आठनंतर, जेवणं आटोपल्यावर.

बाबा, दुकानात दुपारी जा आणि आईला घेऊन जा. त्यांच्या अंधाऱ्या खोलीतला डेमो बघून हो म्हणू नका, दिवा लावायला सांगा. पंख्याचा आवाज जवळ बसून ऐका. आपलं एखादं कृष्णधवल गाणं पेन ड्राइव्हवर न्या, त्यात काळं किती काळं दिसतं ते लगेच कळतं. सर्व्हिस सेंटर इंदूरमध्येच आहे का, हे लेखी घ्या. यंत्र मुंबईला पाठवायचं असेल तर तो सौदा नको. आणि त्याआधी भिंत ते सोफा, भिंत ते पंखा अशी मापं घेऊन मला कळवा.

पडदा टांगायचा नसेल तर भिंत पांढरी करावी लागेल. आताच्या पिस्ता रंगावर सगळी माणसं आजारी दिसतात. रंगाचं आईने ठरवावं. आजोबांची तसबीर त्या भिंतीवरून हलवायची परवानगी मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही, ती तिच्याकडूनच मिळवा.

पैशांतले निम्मे मी पाठवते, त्यावर वाद नको.

तुमची,
मनू