'मच्छीमारी' एवढं लिहून धोका कळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणात कामगार-सुरक्षेचा विषय निघाला की बोट लोटे-परशुरामच्या रसायन कारखान्यांकडे जातं. ते रास्तच. पण जेटी, काजूची शेड, चिरेखाण यांच्या नोंदी 'मच्छीमारी', 'काजू' अशा एका शब्दात उरकल्या जातात. धोका व्यवसायाला नसतो, त्यातल्या एकेका कामाला असतो. धोक्याच्या कामांची यादी तशीच, कामागणिक, व्हायला हवी.

ट्रॉलर घ्या. जेटीवर मासळी निवडणं आणि मासळीच्या बंद कप्प्यात साफसफाईला उतरणं, दोन्ही मच्छीमारीच. कप्प्याच्या तळाशी राहिलेली मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच साचतो. आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला, आता हरकत नाही, असं वाटतं आणि माणूस उतरतो. तो कोसळला की काढायला दुसरा, मग तिसरा. म्हणून ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी हवा मारून उपयोग नाही. वायू मोजायचा मीटर दोरीने खाली सोडून ऑक्सिजन किमान 19.5 टक्के आहे आणि विषारी वायू नाही, हे पाहायचं. उतरणाऱ्याला हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) व दोरी, आणि वर एक माणूस, जो काही झालं तरी स्वतः आत उतरणार नाही.

जाळ्याची वायर ड्रमवर गुंडाळणाऱ्या विंचचं उलट आहे. तिथे संरक्षणासाठी घातलेला सैल हातमोजाच घात करतो: तो वायरीत अडकला की हात ड्रमवर ओढला जातो, आणि लिव्हरवरच्या खलाशाला ते दिसतही नाही.

काजूगराची साल काढणं त्या मानाने हलकं. बी फोडताना मात्र टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. जाड हातमोज्यांनी बोटांचा अंदाज जातो, गराचा तुकडा होतो, भाव पडतो. म्हणून बायका हाताला तेल किंवा राख लावून भागवतात. नुसते हातमोजे वाटून हे सुटणार नाही. चिरेखाणीत जांभा कापणाऱ्या उघड्या पात्याबद्दल तर वेगळं सांगायला नको.

बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलांना काम बंद आहे. शाळेनंतर घरच्या धंद्यात हातभार लावायची सवलत आहे, तीही काम धोकादायक नसेल तरच. 14 ते 18 वयाच्या मुलांनाही धोकादायक काम वर्ज्य आहे. म्हणजे 'घरचीच बोट आहे' या सबबीला उत्तर द्यायचं, तर कोणतं काम धोक्याचं हे लिहिलेलं हवं.

अपघातांच्या नोंदीवरून ते कळणार नाही, कारण छोट्या जागांचे अपघात बहुधा नोंदलेच जात नाहीत. प्रत्येक कामापुढे लिहा: चुकलं तर जास्तीत जास्त काय होईल, ते काम कितीदा होतं, मदत किती वेळात पोहोचेल, कोण करतं. पहिल्या रकान्यात मृत्यू किंवा अवयव जाणं असेल, तर काम वर्षातून एकदाच होत असलं तरी ते धोकादायकच धरावं. कामगार खातं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून ही यादी मासेमारीवरची पावसाळी बंदी उठण्याआधी करावी आणि मिरकरवाडा, हर्णै, मालवणच्या जेटींवर लावावी. कप्प्यांची साफसफाई तेव्हाच सुरू होते.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी