पुंगळीचा हिशेब

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. रविवारी फोनवर आपलं वाजलं आणि ऐन मुद्द्यावर आईने तुमच्या हातातून फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. पत्र कुणाला काढून घेता येत नाही. आमच्या शेजारचा मुलगा गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. पाणी येण्याच्या दिवशी वाचायला घेऊ नका. तुम्ही वाचत बसाल आणि आई एकटी हंडे भरेल.

भांडण सुरू झालं ते ओमच्या लायसनवरून. सोळाव्या वर्षी इकडे टेक्सासात पोरांना गाडी मिळते. मी त्याला शिकवत होते, की पोलिसाने थांबवलं तर काच खाली कर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, कागद काढायचे तर आधी विचारून काढ. जन्मभर पोलिसात नोकरी केलेले तुम्ही, हसलात. "पोलिसाला घाबरायला तो काय चोर आहे का?" बाबा, मागच्या वर्षी मला थांबवलं होतं. मागचा एक दिवा बंद होता, एवढंच. मी आपली सोलापूरच्या सवयीने दार उघडून खाली उतरायला लागले. आपल्याकडे साहेबासमोर गाडीत बसून राहणं म्हणजे उद्धटपणा ना! तो माणूस केवढ्याने ओरडला. हात कमरेला गेलेला, आणि पिस्तुलाच्या कव्हरचं बटण सुटल्याचा टक् आवाज मला ऐकू आला. विशीतलं पोरगं होतं हो, माझ्याहून जास्त घाबरलेलं. नंतर दंडही केला नाही, "दिवा बदलून घ्या मॅडम" म्हणाला. घरी येऊन मी तासभर गाडीतच बसून होते.

तुमचं म्हणणं, "तुमच्यात बंदुका चुरमुऱ्यागत वाटल्यात की, मग गोळ्या चालणार नाहीत तर काय." अर्धं मान्य. या देशात १०० माणसांमागे सुमारे १२० बंदुका आहेत. टेक्सासात तर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. समोरच्याच्या खिशात काय आहे याची खात्री नसलेला पोलीस आधी घाबरतो, मग हात चालवतो. वर्षाला साधारण हजार माणसं इथे पोलिसांच्या गोळीने मरतात. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक वर्षी हा आकडा हाताच्या बोटांवर मोजता येतो. तिथल्या बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते.

पण बाबा, नुसत्या बंदुका मोजल्या तर गणित जुळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १०० माणसांमागे २५ हून जास्त बंदुका, आणि पोलिसांची गोळी क्वचित सुटते. ब्राझीलमध्ये लोकांकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी बंदुका, लोकसंख्याही कमी, तरी २०२३ मध्ये तिथे पोलिसांच्या हातून सहा हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक गरीब वस्त्यांतली काळी पोरं. आणि इकडेही काळ्या माणसांचं मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. ते काही बंदुकांच्या मोजणीतून कळत नाही.

भवानी पेठेतली ती चादरीची गोष्ट मी ओमला शंभरदा सांगितलीय. दारू प्यायलेला माणूस सत्तूर घेऊन बायकोमागे गल्लीभर धावतोय, तुम्ही आणि एक शिपाई, हातात फक्त लाठ्या. तुम्ही मागावरून नुकतीच उतरवलेली चादर ओढलीत आणि त्याच्या अंगावर फेकलीत. तुमच्या डाव्या मनगटावरचा पांढरा व्रण तेव्हाचाच. दुसऱ्या दिवशी चादरवाला घरी येऊन पैसे मागत होता आणि आईने ते दिलेसुद्धा!

तोच माणूस इथे असता तर मेला असता. कायद्याने, नियमाप्रमाणे. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकाने लेख लिहिला, की सुरीवाला माणूस २१ फूट अंतर दीडेक सेकंदात कापतो, आणि तेवढ्यात पोलिसाचं पिस्तूल जेमतेम बाहेर येतं. २१ फूट म्हणजे आपल्या दारापासून तुळशीपर्यंत. त्याने लिहिलं ते सावध राहा म्हणून. पुढे लोकांनी त्याचा अर्थ लावला, की सुरी दिसली आणि अंतर तेवढंच असलं की गोळी घाला. इंग्लंडचा पोलीस अशा वेळी ढाल पुढे करतो, मागे सरकतो, माणसं बोलावतो. मागे सरकण्यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. नॉर्वेत पोलीस व्हायला तीन वर्षं शिकावं लागतं, जर्मनीतही अडीच-तीन. तुम्हाला नऊ महिने. इथे सरासरी पाच महिने, आणि त्यात बंदूक चालवायला जेवढे तास, त्या मानाने समोरच्याला बोलून शांत करायला फार थोडे.

त्यात इथे पोलीस एक नाही. देशभर अठरा हजारांच्या आसपास पोलीस खाती, गावागावाचं आपलं वेगळं. जवळजवळ निम्म्या खात्यांत दहा माणसंही नाहीत. नियम ज्याचे त्याचे. वर १९८९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल असा, की नंतर शहाणपण सांगू नका, त्या क्षणी त्या जागी समजदार पोलिसाला काय वाटलं असतं तेच बघा. युरोपात कायदा विचारतो, गोळी घालणं अगदी अटळ होतं का? इथे विचारतात, तुम्हाला भीती वाटली ती रास्त होती का? भीती वाटली असं कोण नाही म्हणणार?

आता माझा खरा मुद्दा. मी तिसरी-चौथीत असेन, तुम्ही वार्षिक फायरिंगला गेला होतात आणि रात्री नऊपर्यंत आला नाहीत. आईने भाकरी दोनदा गरम केली. आलात ते कपाळापासून बुटांपर्यंत लाल मातीने माखलेले. एक पुंगळी कमी भरत होती. जितकी काडतुसं दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या, त्यात एक कमी, म्हणून अख्खी तुकडी गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात माती चाळत होती. मला तेव्हा खूप हसू आलं होतं. एवढ्याशा पितळेसाठी!

आता हसू येत नाही. जर्मनीत असाच हिशेब माणसांवर झाडलेल्या गोळीचा ठेवतात. २०११ मध्ये अख्ख्या देशाच्या पोलिसांनी लोकांवर मिळून ८५ गोळ्या झाडल्या, त्यातल्या ४९ नुसत्या इशाऱ्याच्या. अलीकडे तिथलेही आकडे वाढलेत, पण मोजतात तरी. या देशात २०१४ ला फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र काळा पोरगा मेला आणि प्रकरण पेटलं, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की पोलिसांनी वर्षाला किती माणसं मारली हे सरकारलाच धड ठाऊक नाही. मग २०१५ पासून वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने स्वतः मोजायला सुरुवात केली, आणि सरकारी आकड्याच्या दुपटीहून जास्त माणसं निघाली. सरकारने नवी मोजणी सुरू केली ती २०१९ ला, तीही ज्या खात्याला वाटेल त्याने माहिती द्यावी अशी. चंद्रावर माणूस पाठवलेला देश, बाबा!

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे बघ किती कमी. सोलापुरात एवढ्या वर्षांत मी कुणावर पिस्तूल रोखलं नाही." खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आपल्याकडे पुंगळीचा हिशेब लागतो, माणसाचा लागतोच असं नाही. हैदराबादजवळ २०१९ च्या डिसेंबरात बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या चकमकीत मारले गेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तुम्ही "बरं केलं" म्हणालात, आईने देवापुढे साखर ठेवली. मलाही बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. २०२२ मध्ये सिरपूरकर आयोगाने सांगितलं, की गोळ्या मारायच्या हेतूनेच झाडल्या होत्या, दहा पोलिसांवर खटला चालवा. सिरपूरकर म्हणजे आपल्या सुप्रीम कोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. आणि २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या सूचना तर महाराष्ट्राच्याच खटल्यातून आलेल्या. चकमक झाली की एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. तुम्ही त्या वेळी चिडला होतात, "कोर्टात वीस वर्षं लागतात, त्याचं काय?" लागतात. मग कोर्टं वाढवा म्हणा ना. गोळी हा कोर्टाचा शॉर्टकट कसा होईल?

१२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी तुम्ही किती वर्षं बंदोबस्त केलात. आजोबा मला तिथे नेऊन १९३० सांगायचे. शिंदीची झाडं तोडण्यावरून जमाव जमला, ८ मेला गोळीबार झाला, मग मार्शल लॉ. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा फासावर गेले ते मारल्या गेलेल्या दोन पोलिसांपायी. गोळीबारात गेलेल्या माणसांपायी कोण गेलं, हे मात्र आजोबांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

असो. ओमला मी शिकवायचं ते शिकवणारच, तुम्ही हसा. तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, आई, तू स्वतः मोजून बघ, बाबा "आहेत" म्हणतील. येणाऱ्याबरोबर शेंगाचटणी पाठव, कडक भाकरी नको, वाटेत चुरा होतो.

आणि बाबा, ती पुंगळी त्या रात्री सापडली का हो? तुम्ही जेवायला बसलात आणि मी झोपून गेले, पुढचं मला आठवतच नाही.

तुमची,
मनू