आधी सॉकेट काढा : शारजातल्या वायरिंगवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते, तर "त्यात काय एवढं, एक तार तर होती" म्हणून तुम्ही चहा मागवून विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत.

गाडी होती टोयोटा प्राडो, 90 सिरीजची, 3.4 लिटर व्ही-6, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ए-340 एफ. थंड असताना सुतासारखी सरळ. तापली की जबल जैस डोंगराच्या चढावर ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी गिअर तिसऱ्याच्या खाली उतरायचा नाही, आणि थांबून पुन्हा निघाली की बैलगाडीसारखी जड. आम्ही निकाल देऊन मोकळे झालो होतो : व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या वाटा उघडझाप करणारा भाग) अडकली आहे, गिअरबॉक्स खाली घ्या. त्या दिवशी तुम्ही आम्हाला पान्याला हात लावू दिला नाहीत, त्याचे हे पहिले आभार.

सुरुवात तुम्ही ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओढून केलीत. एकावर एक दोन मॅट असली की पेडल तळापर्यंत जातच नाही, मग किकडाउन, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर गिअरचं खाली उतरणं, कुठून येणार? एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं, थ्रॉटल पूर्ण उघडतोय का. मग थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज : पेडल सोडलेलं असताना 0.3 ते 0.8, पूर्ण दाबल्यावर 3.2 ते 4.9, आणि मध्ये कुठेही उडी न मारता चढलं पाहिजे. ते वरपर्यंत पोचलं नाही तर पेडल तळाला आहे हे कॉम्प्युटरला कळतच नाही. तो गिअर खाली टाकत नाही आणि बऱ्याचदा दोषाचा कोडही देत नाही. इथे हे सगळं ठीक निघालं.

थ्रॉटल केबल ताणायला आमच्यातला एक जण निघालाच होता. तुम्ही त्याचा हात धरलात. या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. केबल फक्त लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब, ठरवते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना केबलवरचा स्टॉपर आणि रबरी बुटाचं टोक यांच्यातलं अंतर 0 ते 1 मिलिमीटर, बस्स. उगाच सैल केली तर प्रेशर पडतं, क्लच प्लेटा घसरतात आणि चांगला गिअरबॉक्स जळतो. ऑइल तुम्ही 70-80 अंशांना तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून पुन्हा 'पी'वर आणल्यावर बघितलंत. लाल होतं, करपट वास नव्हता. न्यूट्रलवरून 'डी'त टाकल्यावर झटका 1.2 सेकंदांच्या आत, रिव्हर्सला 1.5 च्या आत. स्टॉल टेस्टच्या (ब्रेक दाबून, गिअर टाकून, ॲक्सिलरेटर तळाला नेण्याच्या) वाटेला तुम्ही गेलाच नाहीत. तीही 5 सेकंदांच्या वर करायची नसते, नाहीतर तपासतानाच ऑइल उकळायचं.

आणि मग ती सॉकेट. गिअरबॉक्सला जाणारी सोलेनॉइडची (कॉम्प्युटरच्या हुकमाने ऑइलची वाट बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) सॉकेट काढून टाकलीत आणि म्हणालात, "आता लिव्हरने चालवा." दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड मेलेले असताना हा गिअरबॉक्स 'एल'वर पहिला, '2'वर तिसरा आणि 'डी'वर चौथा देतो, हे निव्वळ ऑइलच्या जोरावर चालतं, कॉम्प्युटर मध्ये नसतोच. हळू वेगात 'एल'वरून सुरू करून वर जायचं आणि गिअर आरपीएमवरून ओळखायचा. तिसरा आणि चौथा जागेवर उभ्याने ओळखू येत नाहीत, त्यासाठी रस्ताच लागतो. आमच्या गाडीने तिन्ही बिनचूक दिले. म्हणजे गिअरबॉक्सच्या आतले क्लच, ब्रेक, व्हॉल्व्ह बॉडी ठणठणीत, दोष तारांत. 'एल'वर पहिला आला नसता तर मात्र पॅन खोलणं भाग होतं.

कागदाच्या खोक्यावर तुम्ही जे लिहून दिलंत ते आता भिंतीवर आहे. पहिला गिअर : एक नंबर सोलेनॉइड चालू, दोन बंद. दुसरा : दोन्ही चालू. तिसरा : एक बंद, दोन चालू. चौथा : दोन्ही बंद. यात एक नंबर मेला असं धरून वाचलं की दुसऱ्याच्या जागी तिसरा येतो, पहिल्याच्या जागी थेट चौथा. कॉम्प्युटर ते सावरायला दोन नंबर चालू ठेवतो, म्हणून गाडी तिसऱ्यातच निघते. दोन नंबर मेला असता तर पहिल्यावरून एकदम चौथा. आमची तक्रार पहिल्या प्रकाराची होती, शब्दन् शब्द! ओ/डी ऑफचा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद असल्याचा) दिवा मधूनच लुकलुकायचा, तो आम्ही बटणाचा दोष समजत होतो.

तपासणीच्या सॉकेटमधली टीई1 आणि ई1 ही दोन टोकं तारेने जोडून दिव्याचे लुकलुक मोजले : सहा, थोडं थांबून दोन. कोड 62, एक नंबर सोलेनॉइड. गिअरबॉक्सच्या बाजूने मीटर लावलं तर 13 ओहम. असायला हवेत 11 ते 15, म्हणजे सोलेनॉइड निर्दोष. इथेच कितीतरी जण सोलेनॉइड बदलून मोकळे होतात आणि आठवड्यात गाडी परत येते. तुम्ही कॉम्प्युटरच्या टोकाकडून मोजलंत आणि दुसऱ्या हाताने वायरिंग हलवत गेलात. सायलेन्सरच्या पाइपाजवळ आकडा गायब. आधीच्या कुठल्यातरी कामात क्लिप परत बसवली नव्हती. तार पाइपावर टेकून भाजली होती, वरून कव्हर शाबूत आणि आत तांबं तुटलेलं. थंड असताना टोकं टेकायची, तापल्यावर सुटायची. वीतभर नवी तार, त्याच जाडीची, सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी, त्यावर फायबरग्लासची स्लीव्ह आणि क्लिप जागेवर. ईएफआयचा (इंधन इंजेक्शनचा) फ्यूज 10 सेकंदांहून जास्त काढून ठेवून कोड पुसला.

परवा भर दुपारी एसी लावून, पाच माणसं बसवून गाडी जबल जैसवर नेली. तिसऱ्यावरून दुसरा तीनदा मागितला, तिन्ही वेळा पडला.

तुमचं मीटर आमच्याकडेच राहिलंय. त्याची लाल वायर मुळाशी सैल होती, ती बदलली आहे. रविवारी आणून देतो. चहा आमच्याकडून.

तुमचे,
बेंचवरचे आम्ही तिघे