कुंडीच्या तळाशी खडे घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कुंडीतल्या जास्वंदीवर आलेला लेख वाचला. छाटणीचा भाग उत्तम आहे. जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येते, हे लेखकाने ठासून सांगितले याचा आनंद वाटला. पण ‘तळाशी दोन-तीन बोटे खड्यांचा थर द्यावा, म्हणजे निचरा चांगला होतो’ आणि ‘पाने मलूल दिसताच पाणी घालावे’ ही दोन वाक्ये वाचून राहवले नाही. जिथे ऊन कडक आणि पाऊस धो धो, तिथे नेमक्या याच दोन गोष्टींनी कुंडीतली जास्वंद जाते. माझ्या एका पावसाळ्यात पाच गेल्या.

त्या वेळी गच्चीत सात कुंड्या होत्या, सगळ्यांच्या तळाशी खडे. आठ दिवस झड लागली होती. नवव्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि दुपारपर्यंत लाल एकेरी जास्वंदीने मान टाकली. मला वाटले, उन्हाने तहानली. तांब्याभर पाणी घातले, संध्याकाळी आणखी एक. चार दिवसांत कळ्या देठासकट गळाल्या, पाने पिवळी पडली. शेवटी कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढला. कुबट वास आला. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले, तर वरची तपकिरी साल सुटून बोटांत आली आणि मागे केसासारखा नुसता दोरा राहिला. ज्याला मुळेच उरली नाहीत ते झाड पाण्यात उभे राहूनही कोमेजणारच. पण माझे लक्ष खिळले ते खड्यांवर. खड्यांमध्ये पाणी जवळजवळ नव्हते आणि त्यांना टेकलेल्या मातीचा मात्र चिखल झाला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवायची, केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांत पाणी ओढले आणि धरून ठेवले जाणे, दरवर्षी फळ्यावर काढायची. त्याचा कुंडीशी असलेला संबंध मला त्या दिवशी उमगला. ओला स्पंज आडवा धरा, थोडे पाणी गळून थांबेल. तोच उभा करा, पुन्हा धार लागेल. मातीही अशीच खालच्या काही बोटांत पाणी धरून ठेवते, आणि बारीक मातीतून ते पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांत सहजी उतरत नाही. म्हणजे खडे घातले की तो चिखलाचा पट्टा तळाऐवजी वर, थेट मुळांत येऊन बसतो. निचऱ्यासाठी मातीच भुसभुशीत हवी आणि कुंडी पसरट नको, खोल हवी. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरतो.

मी आता एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक वाटा पूर्ण कुजलेले खत घेते. बारीक वाळू घालू नये, तिने माती उलट घट्ट बसते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावणेही टाळते. मुळे जिथवर पोचत नाहीत तिथली माती वाळतच नाही. पाऊस सुरू झाला की ताटल्या काढून टाकायच्या आणि कुंड्या विटांवर चढवायच्या, म्हणजे भोके मोकळी राहतात.

पान मलूल दिसले तर आधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तर भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. ओले लागले तर पाणी बंद, खतही बंद, आणि कुंडी पागोळ्यांपासून दूर. भर उन्हाळ्यात दुपारी मलूल झालेले झाड संध्याकाळी आपोआप ताठ होते, तेही लक्षात असावे. उन्हाळ्यात खरा त्रास काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीचा. तिच्या पश्चिमेच्या बाजूला दुपारी हात टेकवून पाहा, आतल्या मुळांचे काय होत असेल ते कळेल. मी ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवते. शेंडा उन्हात, कुंडी सावलीत.

पावसाने खतही धुऊन जाते. म्हणून पावसाळ्यात एकदम मूठभर देण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी चिमूटभर द्यावे, तेही माती निथळलेली असताना. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे, असे कोवळे पान दिसले तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. पण माती चिखल असेल तर आधी निचरा बघा, कुजक्या मुळांना लोह घेता येत नाही.

त्या लाल जास्वंदीच्या शेंड्याकडची एक फांदी अजून हिरवी होती. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब तोडली, पेराच्या खाली तिरका काप दिला, वरची दोन पाने ठेवून ओल्या वाळूत खोचली. तिचे झाड आज माझ्या खांद्याला लागते.

पावसाळा तोंडावर आला आहे. लेख वाचून अनेकांनी खडे गोळा केले असतील. पहिली सर येण्याआधी त्याच पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका