दादाच्या आजाराविषयी मित्रास पत्र

सांगली

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

दादाच्या आजाराची चौकशी करताना तू पुतण्याच्या नाकात वाढलेल्या मांसाचाही उल्लेख केला आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

दादाच्या डाव्या नाकपुडीचा घोळणा वरचेवर फुटे आणि घरात त्याचे खापर उन्हावर फोडले जाई. पुढे त्याच बाजूच्या डोळ्याला धार लागली, आतल्या कोपऱ्याखाली मऊ फुगवटा आला, तेव्हा मिरजेला नेले. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलेले मांस लालभडक व खडबडीत होते आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके होते. पुस्तकांत त्याला स्ट्रॉबेरीची उपमा देतात. तू वाईचा, तुला अधिक सांगायला नको. दुर्बिणीचे टोक लागताच रक्त आले.

हा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस, म्हणजे एका सूक्ष्म जिवामुळे असे मांस वाढवणारा रोग निघाला. ते ठिपके म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. ब्यूनोस आयर्समध्ये ग्विलेर्मो सीबर याने 1900 साली याचे वर्णन केले, पण रुग्ण सर्वाधिक आढळतात ते भारतात आणि श्रीलंकेत. कित्येक दशके ज्याला बुरशी समजत, तो जीव जनुकीय तपासणीत माशांवरील परजीवींच्या गोतावळ्यातला ठरला. साचलेल्या पाण्यातून तो शिरत असावा असे मानतात, आणि दादाचे निम्मे आयुष्य गावतळ्यात म्हशी धुण्यात गेले आहे. माणसापासून माणसाला मात्र हा रोग लागत नाही. वहिनींनी त्याचा टॉवेल नि तांब्या वेगळा काढला होता, त्यांना हे पटवताना डॉक्टरांचीही दमछाक झाली.

नुसत्या गोळ्यांनी ही गाठ जात नाही. ती बुडापासून काढून बूड डागावे लागते, कारण थोडा अंश राहिला किंवा बीजाणू शेजारी सांडले तरी ती पुन्हा उगवते. दादाची अश्रुपिशवीही काढावी लागली, त्यामुळे तो डोळा आता पाणावलेलाच राहील. पुन्हा उद्भवू नये म्हणून डॅप्सोन ही कुष्ठरोगावरची जुनी गोळी चालू आहे. तिने रक्त कमी होऊ शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात.

या जंतूची प्रयोगशाळेत नेहमीसारखी वाढ करता येत नाही, तेव्हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच निदानाचा भरवशाचा मार्ग आहे. पुतण्याचे मांस एकाच बाजूला असून त्यातून रक्त येत असेल, तर ‘साधेच आहे’ या आश्वासनावर माझा तरी विश्वास बसणार नाही. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवायला डॉक्टरांना आधीच सांग आणि अहवाल आला की मला कळव.

तुझा,
अविनाश