डाव्या हाताची पुरी

प्रिय काका,

सादर नमस्कार.

नाव नको, फोटो नको, असं तुम्ही जिन्यातच बजावलंत, म्हणून या पत्रात तुमचं नाव नाही. पण आभार पोटात ठेवून गप्प बसणं मला जमायचं नाही. तीन आठवडे रोज रात्री कागद घेऊन बसतेय. दोन ओळी झाल्या की डोळे भरून येतात आणि कागद तसाच राहतो. आज मात्र पुरं करूनच उठणार आहे.

माझे बाबा बाइंडर. बडोद्यात दांडिया बाजारात त्यांची चाळीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि रेक्झिनमध्ये गेली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि राज्यभर वाचनालयं उभी केली, हे बाबा आम्हाला लहानपणी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगायचे. ज्या गावात एवढी पुस्तकं, त्या गावात बाइंडर उपाशी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. जुनं पुस्तक हातात आलं की आधी पाठ चाचपायची, मग शिवण बघायची, आणि नाव वाचायचं ते सगळ्यात शेवटी. जुजबंदी करताना, म्हणजे पानांचे जुज (घडीचे गठ्ठे) एकत्र शिवताना, त्यांचं दाभण कधी अडखळलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आषाढात त्यांचा उजवा हात कटिंग मशीनच्या पात्याखाली गेला. मनगटाच्या थोडा वर. त्या दिवसाबद्दल मी काहीही लिहिणार नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले, ते मात्र लिहायला हवं, कारण तुम्ही काय केलंत ते त्याशिवाय कुणाला कळणार नाही. ज्यांच्याकडे बाबा कामाला होते, त्यांनी पाच हजार रुपये पाकिटात घालून दिले आणि पुन्हा फिरकले नाहीत. मदत करणाऱ्यांचा तोटा नव्हता, असं लोकांना वाटेल. एका संस्थेनं आम्हाला समारंभाला बोलावलं. स्टेजवर उभं केलं. बाबांच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक दिला. तो एका हातानं धरवेना, म्हणून मी दुसरीकडून धरायला गेले, तर फोटोग्राफर म्हणाला, ‘ताई, तुम्ही बाजूला व्हा. काका, तो हात जरा वर करा, दिसू दे.’ आणि माझ्या बाबांनी तो वर केला. चारशे माणसांसमोर. खरा चेक आजपर्यंत आलेला नाही. जन्मभर पुठ्ठा हाताळलेल्या माणसाला त्या लोकांनी पुठ्ठाच दिला. त्या रात्री बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आई रात्रभर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

म्हणून तुमच्या क्लबचा निरोप आला तेव्हा बाबांनी साफ नाही म्हणून सांगितलं. ‘आणखी एक स्टेज नको,’ एवढंच म्हणाले. मीच हट्ट धरला. रोटरी म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवत होती: बाबाजीपुऱ्यातल्या शाळेतला पोलिओचा रविवार. धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी रांगेत उभी राहायचे. दोन थेंब तोंडात पडले की त्याच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायचे, आणि तो ती दिवसभर सगळ्या पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, दाखवत फिरायचा. रोटरीनं हे काम १९८५ साली हाती घेतलं, आपल्या देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्याला सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, हे मी पुढे वाचलं. पण विश्वास बसला होता तो त्या शाईच्या खुणेनं. त्या बूथवरच्या माणसांनी भावाचा फोटो मागितला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या क्लबच्या सभेला आलो. माझ्या पिशवीत फाइल होती. सगळे कागद, सगळी सर्टिफिकेटं क्रमानं लावलेली. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं, दोन मिनिटांचं आणि पाच मिनिटांचं, दोन्ही. दारात टेबलावर हजेरीचं रजिस्टर होतं. पाहुण्यांनीही सही करायची असते. मी पेन उचललं, आणि बाबांनी डावा हात त्या रजिस्टरच्या पाठीवरून फिरवला. पाठ सुटली होती, दोन जुज लोंबत होते. ‘शिवण गेलीय,’ म्हणाले. अपघातानंतर कामाबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले. तुम्ही तिथेच उभे होतात. तुम्ही ‘हो का?’ म्हणून रजिस्टर उलटंसुलटं करून नीट पाहिलंत. दुसऱ्या कुणी ‘या, बसा’ म्हटलं असतं.

घंटा वाजली, राष्ट्रगीत झालं. भिंतीवरच्या फलकावर चार प्रश्न होते: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय देणारं आहे का, यानं सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. मी ते चारही वाचले आणि मनात म्हटलं, बघू. मग एक डबा फिरला. कुणाला नातू झाला म्हणून शंभर, कुणाच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पाचशे, एक जण उशिरा आला म्हणून पन्नास. तुम्ही हळूच सांगितलंत की रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली रोटरी फाउंडेशनची कल्पना मांडली, तेव्हा पहिली देणगी आली होती साडेसव्वीस डॉलरची, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. मला ते फार आवडलं. साडेसव्वीस. कुणीतरी मोजून दिले असतील, वर आठ आणे राहिले तर तेही टाकले असतील.

मी वाट बघत होते की आता बाबांना पुढे बोलावतील. नाव पुकारलं नाही. अध्यक्ष फक्त म्हणाले, ‘आज दोन पाहुणे आहेत, आपल्यासोबत जेवतील,’ आणि पुढच्या विषयाकडे वळले. फाइल माझ्या मांडीवर तशीच राहिली.

आणि मग जेवण. काका, हे सगळं पत्र मी त्या पंधरा मिनिटांसाठी लिहितेय.

अपघातानंतर बाबा घराबाहेर कुठे जेवले नव्हते. लग्न, मुंज, गणपतीतलं जेवण, सगळीकडे एकच वाक्य: ‘मला भूक नाही.’ घरीही ते चमचा डाव्या हातात धरून, ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. आपल्याकडे डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय, हे मराठी घरात सांगायला नको. भाऊ लहान असताना डाव्या हातानं घास घ्यायचा, तेव्हा बाबांनीच त्याच्या हातावर चापट मारून सवय मोडली होती. तीच चापट त्यांना रोज बसत होती.

त्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं, भूक नाही. तुम्ही आग्रह केला नाहीत. दोन ताटं वाढून आणलीत, एक बाबांसमोर ठेवलंत, एक घेऊन शेजारी बसलात. पुरी, बटाट्याची भाजी, कढी, श्रीखंड. तुम्ही उजवा हात मांडीवर ठेवलात आणि डाव्या हातानं पुरी तोडायला लागलात.

ती तुटेना. एका हातानं पुरी तोडायची म्हणजे तळव्यानं ताटाला दाबून धरायची आणि बोटांनी ओढायची. तुम्हाला ते माहीत नव्हतं. पुरी घसरली, भाजीत पडली. दुसऱ्यांदा निम्मी तुटली. घास तोंडाकडे नेताना कढी मनगटावरून ओघळून तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत गेली. पिवळा डाग पडला, चांगला रुपयाएवढा. वाढणारा मुलगा चमचा घेऊन धावत आला, तुम्ही मानेनंच नको म्हणालात. आणि या सगळ्यात तुमचं बोलणं चालूच होतं. बाबांना विचारत होतात की जुन्या पुस्तकाला कसर लागते ती खळीमुळे का, खळीत मोरचूद घालतात ते खरं का. बाबांकडे एकदाही निरखून पाहिलं नाहीत.

बाबा बघत होते. तुमचा हात बघत होते. मग म्हणाले, ‘साहेब, तशी नाही, आधी दाबून धरा,’ आणि त्यांनी स्वतःच्या ताटातली पुरी डाव्या हातानं दाबून तोडून दाखवली. तोडलेला घास हातात होता. तो त्यांनी खाल्ला.

तीन पुऱ्या खाल्ल्या त्यांनी. मी मोजल्या. श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मोरचुदाबद्दल इतकं बोलले की कढी गार झाली. मी भिंतीवरचे ते चार प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर हुंदका फुटला असता.

निघताना जिन्यात मी तुम्हाला विचारलं, ‘काका, तुम्ही डावखुरे आहात का?’ तुम्ही म्हणालात, ‘नाही गं. रिक्षा मिळेल ना तुम्हाला या वेळी?’

पुढचं थोडक्यात सांगते. ज्यांना हवं ते क्लबमध्ये चौकशी करतील. बाबांना हात मिळाला. एलएन-४ म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या एका डिझायनरनं, अर्नी मेडोज यांनी, तो बनवला आणि अपघातात गेलेल्या मुलीच्या, एलेनच्या, नावानं जगभर फुकट वाटायची सोय केली. हा हात विकत मिळतच नाही. अर्ध्या किलोच्या आतलं वजन, पट्ट्यांनी बांधायचा, आणि बोटांची पकड दुसऱ्या हातानं बसवायची आणि सोडवायची. कोपराखालचा थोडा हात शिल्लक असावा लागतो, तेवढं बाबांचं नशीब. सगळं काही जमतं असं नाही. दाभण त्यात टिकत नाही, जुजबंदी आता होणार नाही, आणि हे बाबांना ठाऊक आहे. पण पुठ्ठा दाबून धरता येतो, खळीचा ब्रश धरता येतो, पेन बसतं. बाबांना हे बसवून देताना तुम्हा लोकांपैकी कुणी पट्टी ओढली, कुणी पाणी आणलं, आणि एकानंही विचारलं नाही की कसं झालं.

मुलगी गेल्यावर तिच्या आईबापांनी अनोळखी माणसांच्या हातांचा विचार केला. मी या गोष्टीचा रोज विचार करते. आपल्या बडोद्याला देणं नवं नाही. १९१३ साली याच गादीच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. पैसा देणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्यांचे उपकार आहेतच. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून आपली बाही कढीत बुडवणारं माणूस मला याआधी भेटलं नव्हतं. ज्यांनी आम्हाला स्टेजवर नेलं, त्यांना मी शिव्याशाप देत नाही. त्यांनी एकदा बाबांसोबत बसून जेवावं, एवढंच वाटतं.

बाबा आता बाहेर जेवतात. परवा मंगळबाजारातून येताना स्वतःच म्हणाले, ‘चल, शेव-उसळ खाऊ,’ आणि गाडीवर उभं राहून, चारचौघांत, डाव्या हातानं खाल्ली. नवा हात त्यांनी खिशात घातला नव्हता. प्लेट त्यातच धरली होती.

आईनं विचारायला सांगितलंय की शर्टावरचा हळदीचा डाग गेला का. साबण लावला असेल तर तो लाल झाला असेल, पण उन्हात ठेवलात की निघतो, असं ती म्हणते.

आणि तुमच्या हजेरीचं ते रजिस्टर. गेल्या मंगळवारी बाबा ते मागून घेऊन आले, तुम्ही गावाला गेला होतात. आता झालंय. शिवण मी घातली, बाबा शेजारी बसून टाका न् टाका सांगत होते. दोनदा उसवायला लावली. पुठ्ठा त्यांनी नव्या हातानं दाबून धरला आणि डाव्यानं खळ लावली. रेक्झिन निळं आहे, पाठीवर एक सुरकुती राहिलीय, ती त्यांना अजून खुपतेय. आज रात्री ते वजनाखाली ठेवलंय. मंगळवारी सातच्या आत घेऊन येतो, म्हणजे सह्या त्यातच होतील. बाबा स्वतःची सही करणार आहेत. सराव चालू आहे.

तुमची,
दांडिया बाजारातल्या बाइंडरची मुलगी