जुना प्रेसारिओ भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत माळ्यावरचे जुने डेस्कटॉप भंगाराच्या गाड्यावर चढतात आणि किलोच्या भावाने जातात. त्यांत कॉम्पॅक कंपनीचा प्रेसारिओ हमखास असतो. पेटी गेली तर जाऊ द्यावी, पण तिच्यासोबत हार्ड डिस्कही जाते. शाळेच्या स्मरणिका, दिंडीचे हिशेब, घराण्याची वंशावळ, तालुक्याच्या साप्ताहिकाची पाने, असे कितीतरी मराठी लेखन या डिस्कांवर आहे आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. ते बाहेर काढता येते. कसे काढायचे, हे मात्र यंत्र प्रेसारिओच्या कोणत्या काळातले आहे यावर ठरते.

रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडून १९८२ मध्ये ह्यूस्टनला कॉम्पॅक काढली. आयबीएम पीसीचा बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) नक्कल न करता नव्याने लिहून काढला, म्हणून आयबीएमचे प्रोग्रॅम तिच्या यंत्रांवर जसेच्या तसे चालत. पहिली दहा वर्षे तिचे लक्ष कचेऱ्यांकडेच होते. खास घरासाठी म्हणून प्रेसारिओ आला तो १९९३ मध्ये. पहिल्या प्रेसारिओ ४२५ मध्ये पडदा आणि यंत्र एकाच पेटीत होते, प्रोसेसर २५ मेगाहर्ट्झचा ४८६ एसएक्स. १९९७ मध्ये ९९९ डॉलरचा प्रेसारिओ २१०० आला. त्यातल्या सायरिक्स मीडियाजीएक्स प्रोसेसरवर चित्र आणि आवाजाचे कामही टाकलेले होते, त्यामुळे वेगळी कार्डे लागत नसत आणि किंमत उतरली. घरगुती संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात येण्यात माझ्या मते या एका मॉडेलचा वाटा फार मोठा आहे. मे २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत (ह्यूलेट-पॅकार्ड) विलीन झाली. एचपीचा स्वतःचा पॅव्हिलियन हा घरगुती संगणक १९९५ पासून होताच, तरी प्रेसारिओचे नाव २०१३ पर्यंत चालवले गेले. आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात पोहोचला आणि घरी संगणक घेण्याची लाट आली. आज माळ्यावर सापडतात ती यंत्रे मुख्यतः त्या लाटेतली.

आता कामाचे. नव्वदच्या दशकातल्या अनेक कॉम्पॅक यंत्रांत सेटअपचा (यंत्राच्या मूळ नोंदी बदलण्याचा) प्रोग्रॅम बोर्डावरच्या चिपमध्ये नसून डिस्कवरच्या एका लहानशा पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगळ्या राखलेल्या भागात, असे. यंत्र सुरू होताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा चौकोन क्षणभर लुकलुकतो, तेवढ्यात एफ१० दाबायचे. कुणी डिस्क फॉरमॅट केली असेल तर हे पार्टिशन गेलेले असते आणि सेटअप उघडतच नाही. यंत्र बिघडले, असा निष्कर्ष तिथे काढू नका. यंत्रासोबत क्विकरिस्टोअर नावाची सीडी मिळायची. ती चुकूनही लावू नका. ती डिस्क पुसून कारखान्यातून आली तशी करते. एचपीच्या काळात तेच काम डी ड्राइव्हवरच्या रिकव्हरी पार्टिशनकडे आले. सुरू होताना एफ१० किंवा एफ११ दाबले की ते जागे होते. विंडोज सुरू होत नाही म्हणून घाईने रिकव्हरी चालवणे आणि सगळे कागद एका झटक्यात घालवणे, हा या यंत्रांच्या बाबतीतला सर्वांत वाईट अपघात.

यंत्र सुरू करण्याची मुळात गरज नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या पेटीत तर धोकाच असतो: पॉवर सप्लायच्या पाठीमागे लाल सरकबटण असते, ते ११५ वर राहिले आणि आपल्या २३० व्होल्टला जोडले की आतले कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, फुटतात. १९९९ ते २००७ च्या सुमाराच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसरजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही माथ्यावर फुगलेले दिसतील. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचा (कपॅसिटरमधल्या रासायनिक द्रवाचा) माल बाजारात आला होता, आत वायू साठून माथा वर येतो. त्यात आपला उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. बदलायचेच असतील तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश सोसणारे आणि लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) घ्या, आणि जुना काढण्याआधी त्याचा ऋण पट्टा कुठल्या बाजूला होता याचा फोटो काढून ठेवा.

डिस्क काढायला स्टार किंवा टॉर्क्स (सहा टोकांचा) पेचकस पुरतो. ४० पिनांची रुंद पट्टी असेल तर ती आयडीई, अरुंद केबल असेल तर साटा. आयडीईचा जंपर (डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा आणि यूएसबी अडॅप्टर घेताना त्याला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आहे ना ते पाहा; साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. ‘फॉरमॅट करायचे का’ असे विंडोजने विचारले तर नाही म्हणा, चेक डिस्कही चालवू नका. शक्य असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करा. डिस्कमधून टकटक आवाज आला तर तिथेच थांबा. वीज जाऊन-येऊन असेल तर हे काम यूपीएसवरच.

खरी अडचण यानंतर येते. फाइल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. लोक ‘करप्ट’ म्हणून ती पुसून टाकतात. ती शाबूत असते. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती) रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमांचे फाँट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवत. म्हणून कागदपत्रांसोबत विंडोजमधला संपूर्ण फाँट्स फोल्डर उचलून घ्या. तो फाँट टाकला की मजकूर वाचता येतो. पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लावलेला लहानसा हार्डवेअर लॉक दिसला तर तोही जपून ठेवा, कारण त्याच्याशिवाय मूळ प्रोग्रॅम चालणार नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर वेलांटी आणि रफार आधी तपासा. जुन्या फाँटमध्ये ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असते आणि ‘सर्व’मधला रफार ‘व’च्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. रूपांतरक इथेच चुकतो, विशेषतः जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही असतील तेव्हा. ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘मूर्ती’ असे शब्द शोधून पाहिले की रूपांतर कितपत विश्वासाचे आहे ते कळते. मूळ फाइल मात्र कधीच पुसू नका.

तालुक्यातल्या साप्ताहिकांना आणि छापखान्यांना एक तातडीची विनंती. पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमच्या ६.५ आणि ७ आवृत्त्यांच्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ पर्यंतच उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सोय नाही. सीएस६ असलेले यंत्र अजून चालू असेल तर सर्व अंकांच्या पीडीएफ आताच काढून घ्या आणि पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट करा. आपल्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयांतही अशी पाने नक्की असतील. त्यांचीही तपासणी व्हावी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी वाचकांच्या डिस्क वाचून देण्यासाठी एखादा अडॅप्टर ठेवावा, एवढीच मागणी.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, परभणी